समुद्रातला सातू

त्रिशला मगदूमच्या डोळ्यांदेखत तलाठ्यानं भूपालमामाचा सातू उचलला आणि थेट अरबी समुद्रात नेऊन टाकला.

हा तलाठी म्हणजे माणूस नव्हे. डब्यावर 'धान्यमूळदर्शक' असं भारदस्त नाव छापलेलं होतं, पण माणगोळीच्या तपासणी केंद्रात ते नाव घेणारा अजून जन्माला यायचा होता. दाणा कुठल्या रानातला हे सातबारा न मागता सांगणारं यंत्र म्हटल्यावर शेतकऱ्यांनी पहिल्याच हंगामात त्याचं बारसं करून टाकलं. तळहाताएवढा डबा. त्याच्या तोंडाशी दाणा धरायचा, टिक् असा आवाज व्हायचा आणि निकाल डब्याच्या पडद्यावर. गेल्या वर्षापर्यंत तलाठी 'आपला' किंवा 'परका' एवढंच बोलायचा. यंदा, २०४३ च्या हंगामात, तो नकाशावर ठिपका दाखवू लागला होता, तोही गट नंबरासकट. तो नकाशा त्रिशलानं तयार केला होता. तीन हंगाम ती दोनशे चौदा रानांतून हिंडली, मळणी चालू असताना खळ्यावर उभी राहून ओंजळभर सातू आणि ओंजळभर माती गोळा करत राहिली. त्यामुळे ठिपका बरोबर पडला की तिला दर वेळी, अगदी दिवसाच्या चाळिसाव्या वेळीही, टाळी वाजवावीशी वाटायची.

आज मात्र टाळीचा प्रश्नच नव्हता. ठिपका तांबडा होता आणि मालवणच्याही पुढं, पाण्यात होता.

"दुसरा दाणा घ्या," शेजारी उभे असलेले केंद्रप्रमुख कडोले म्हणाले.

टिक्. समुद्र.

"तिसरा."

टिक्. पुन्हा समुद्र, फक्त या खेपेला किनाऱ्याच्या जरा जवळ.

"साहेब, समुद्रात सातू पिकतो का?" त्रिशला म्हणाली.

"पिकत नाही. पण इथला नाही, हे तर दिसतंय ना? कुठून तरी आणून मिसळलाय. ठिपका चुकला असेल, 'परका' चुकलेला नाही." कडोल्यांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता, नियमाचा पक्का होता. "तुमचे मामा आहेत, ठाऊक आहे मला. पण यंत्राला ना मामा असतो ना मावशी. चार वाजता यादी बंद होते. तोवर लाल शिक्का मारून माझ्याकडे पाठवा."

लाल शिक्क्याचा अर्थ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. 'माणगोळी सातू' या नावाखाली धान्य विकायला पाच हंगाम बंदी, आणि दूधसंस्थेच्या भिंतीवरच्या फळ्यावर नाव, 'भेसळ' या शब्दाखाली. येता-जाता सगळं गाव वाचणार.

आणि नाव कुणाचं? भूपाल चौगुल्यांचं. ज्यांच्यामुळे माणगोळीत सातू आला त्यांचंच.

ती गोष्ट त्रिशलानं लहानपणी हजारदा ऐकली होती. उसाला पाणी पाजून पाजून नदीकाठची रानं क्षारपड झाली, जमिनीवर मिठाची पांढरी साय धरली. ऊस गेला, गहू गेला, उरली ती वेडी बाभूळ. तेव्हा मामानं कुठूनसा शेरभर सातू आणून त्या पांढऱ्या रानात पेरला. गाव खो खो हसलं. "भूपाल, घोड्याला चारा करतोस का रे?" पण सातू मोठा चिवट गडी, खारं पाणी पिऊनही ओंब्यांनी वाकला. मामानं दर वर्षी त्यातली निवडक कणसं बाजूला काढली, बी साठवलं, मागेल त्याला वाटलं. आज माणगोळीच्या सातूला सगळीकडून मागणी होती, कारण त्या खाऱ्या मातीनं त्याला मॅग्नेशियम भरभरून दिलं होतं आणि पिठाला चव आणली होती. हसणारी सगळी मंडळी आता 'आम्ही तेव्हाच म्हटलं होतं' असं म्हणत होती.

चौथीपासून दहावीपर्यंत त्रिशला त्याच मामाच्या घरी राहून शिकली होती. शिक्का मारायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं आणि अंगठा हलत नव्हता.

तलाठी खोटं कसं बोलेल, हेच तिला कळेना. झाड मातीतून जे पितं ते दाण्यात उतरतं. जस्त, लोह, बोरॉन, सेलेनियम हे सगळं पाऊसपाणी आणि खतानुसार कमीजास्त होतं, नुसत्या त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू आहे. तो कॅल्शियमचा वेष घेऊन गुपचूप झाडात शिरतो. त्याची दोन रूपं असतात, जुळ्या भावांसारखी, एक अंमळ जड आणि एक हलकं. खडक जुनापुराणा असेल तर त्यात जड भावांची संख्या वाढलेली असते. आपला सह्याद्रीचा काळा दगड त्या मानानं तरुण, त्यात जड भाऊ कमी. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात जास्त. समुद्रात दोघांचं प्रमाण जगभर एकच. झाड दोघांत भेदभाव करत नाही, मातीत जसं प्रमाण तसंच दाण्यात. तलाठी दाण्यावर लेसरचा ठिणगीएवढा फटका मारतो, उडालेल्या कणांच्या उजेडाचे रंग वाचतो आणि हे प्रमाण काढतो. मग खारेपणाच्या खुणा त्याला जोडून रान हुडकतो. खत बदला, पाणी कमीजास्त करा, जुळ्यांचं प्रमाण बदलत नाही. म्हणून तर त्रिशलाचा त्याच्यावर जीव होता.

मामा बाहेर लिंबाखाली बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, गुडघ्यावर दोन्ही हात. निकाल काय लागणार याची त्यांना काळजीच नव्हती, बाजूच्या माणसाला ते बियाणं कसं निवडावं हे समजावत होते. त्रिशला जवळ गेली, आणि जे विचारायचं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"मामा, सातू सगळा आपल्याच रानातला हाय न्हवं? कुठनं बाहेरनं, थोडासा का होईना, आणला न्हाईसा न्हवं?"

बाजूचा माणूस उठून पाणी प्यायला गेला.

"माझ्याच रानातला हाय," मामा म्हणाले.

"यंत्र म्हणतंय..."

"मी सांगतोय न्हवं?" मग अगदी हळू, "तू इचारलंस व्हय गं मला?"

ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि घराकडे चालू लागले. टेम्पो तिथंच राहिला. सत्तरीतला माणूस, मे महिन्याचं ऊन. त्रिशलाला रडू आलं. आणि तितकाच रागही आला, स्वतःचा, यंत्राचा आणि त्या मालवणच्या समुद्राचा. चोरी न करण्याचं व्रत घेतलेला हा माणूस बांधावरच्या दुसऱ्याच्या चिंचा उचलत नसे, आणि तिनं त्याला भेसळ केलीस का म्हणून विचारलं होतं.

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं तलाठी पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

मामांच्या घरी पद्मामामी परसात भांडी घासत होत्या. मामा सोप्यात भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. "तुजं मामा जेवलं न्हाईत," मामींनी एवढंच सांगितलं. त्यात दोष होता की नुसती माहिती, ते कळायला मार्ग नव्हता.

"मामी, सातू कशात ठेवलाय?"

"कशात म्हणजे? कणगीत. तुमच्या त्या हवाबंद पिशव्या दिल्या हुत्या, त्येत ह्येंनी पापड ठेवायला सांगितलं. दाण्याला श्वास लागतोय म्हनत्यात."

माजघराच्या कोपऱ्यात शेणानं सारवलेली बांबूची कणगी उभी होती. लहानपणी लपंडावात त्रिशला तिच्यामागं लपायची. तिनं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरच्या बाजूला काही नव्हतं. खाली, अगदी खाली बोटांना काही तरी मऊ लागलं. हात बाहेर काढला तेव्हा तो कोपरापर्यंत करडा झाला होता.

"राख!" ती ओरडलीच. "मामी, सातूत राख?"

"मग? किडं लागू नयेत म्हणून." मामींनी हात पदराला पुसले. "गोळ्या टाकायच्या न्हाईत आपल्यात. गोळीनं किडा मरतोय. राखंनं मरत न्हाई, दुसरीकडं जातोय. लहानपणापास्नं बघतीयास की. विकायचा सातू वाऱ्याला देऊन, पाखडून, एकदम सोन्यावानी करून देतोय आमी. एक कण राख राहात न्हाई."

पाखडून वरची राख जाते, हे खरं. पण सातू म्हणजे तांदूळ नव्हे. त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, आणि दाण्याच्या पोटाला एक खोल खाच असते. त्या खाचेत बसलेली राख मामींचं सूपच काय, त्यांची सासू आली असती तरी निघाली नसती.

याआधीच्या हंगामांतही मामांच्या सातूत राख होतीच की. मग यंदाच काय झालं?

"राख कसली, मामी? बाभळीची न्हवं?"

"दर साली बाभळीची. यंदा बंबातली."

"बंबात काय जाळलासा?"

मामींनी परसातल्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं पुरुषभर उंचीचा ढीग होता, नारळाच्या सोडणांचा, वरच्या काथ्याळ सालींचा. दिवाळीनंतर जैन बस्तीत पंचकल्याणिक पूजेचा मोठा उत्सव झाला होता. हजारो नारळ आले होते, ट्रकच्या ट्रक. सोडणं उचलून न्यायला कुणी तयार नव्हतं, आणि मामींना फुकट गेलेली काडीही बघवत नसे. सहा महिने चौगुल्यांच्या बंबात पाणी तापत होतं ते त्या सोडणांवर.

"मामी, ते नारळ आले कुठनं हुते?"

"कोकणातनं. मालवणाकडनं."

त्रिशला हसायला लागली. हसता हसता तिनं मामींना मिठी मारली, मामींच्या निळ्या लुगड्यावर राखेचा पंजा उमटला. समुद्रकाठचे माड! खारं वारं खाऊन वाढलेले, मुळापासून सोडणापर्यंत समुद्राचे जुळे भाऊ अंगात भरलेले. आणि जाळल्यावर सगळं जळून जातं, खनिजं तेवढी राखेत उरतात, शंभर पटींनी दाट होऊन. दाण्यात स्ट्रॉन्शियम मुळातच कणभर. त्याच्या खाचेत चिमटीच्या चिमटीएवढी राख बसली तरी ती दाण्यापेक्षा मोठ्यांदा बोलणार. तलाठी खोटं बोलत नव्हता. तो राखेचं गाव सांगत होता! आधीच्या बाभळीच्या राखेचं गाव हेच होतं, म्हणून कधी अडलं नव्हतं.

आणि चूक कुठं झाली तेही तिला त्याच क्षणी दिसलं. नकाशासाठी तिनं सगळे नमुने घेतले ते खळ्यावर, मळणीच्या दिवशी. माणसं धान्य घरात कसं ठेवतात हे बघायला ती एकाही घरात गेली नव्हती. या घरातसुद्धा नाही, जिथं ती सात वर्षं जेवली होती.

तिनं चिमूटभर राख तलाठ्याच्या तोंडाशी धरली. टिक्. ठिपका मालवणपुढच्या पाण्यात जाऊन पडला.

"आता अडकित्ता द्या, मामी."

मामींच्या पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता आला. त्रिशलानं सातूचा दाणा त्यात आडवा धरला, कट्कन दोन तुकडे केले आणि आतला पांढरा भाग, ज्याला कधी राख लागली नव्हती, खाच टाळून यंत्रासमोर धरला. टिक्. ठिपका उठला, क्षणभर थरथरला, घाट ओलांडून वर आला, नदीच्या वळणापाशी थांबला आणि हिरवा झाला. गट नंबर दोनशे बारा.

"मामा!" ती सोप्यात धावली. "मामा, उठा! दोनशे बारा! तुमचंच रान!"

मामा उठून बसले. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. "ते मला सकाळीच ठाव हुतं," ते म्हणाले.

त्रिशला त्यांच्या पायांपाशी जमिनीवर बसली. "चुकलं माझं, मामा. तुमच्याऐवजी डब्याला आधी इचारलं मी."

मामांनी तिचा करडा हात बघितला, नाकावर लागलेली राख बघितली, आणि त्यांच्या मिशा हलल्या. "पद्मा, ताट वाढ. दोघांची वाढ. ही बी जेवली नसंल."

दुसऱ्या भाकरीला हात घालताना त्रिशला थबकली.

राजाक्का बिरनाळे.

गेल्या वर्षीची गोष्ट. पलीकडच्या कोथळवाडीची म्हातारी. तलाठ्यानं तिचा सातू तीन वेळा 'परका' ठरवला होता. तेव्हा ठिपका नव्हता, समुद्र दिसला नव्हता, शंका यायचं कारणच नव्हतं. शिक्का त्रिशलानं मारला होता. राजाक्का काउंटरपाशी उभी राहून एकच वाक्य परत परत बोलत होती, "बाई, माझ्याच रानातला हाय गं," आणि त्रिशलानं तिला समजुतीच्या सुरात जुळ्या भावांची गोष्ट सांगितली होती. राजाक्काच्या लेकाचं देवळापुढं नारळाचं दुकान होतं. चूल कशावर पेटत असेल त्या घरात?

भाकरी ताटात ठेवून तिनं कडोल्यांना फोन लावला आणि राखेचं सगळं सांगितलं.

"वा!" कडोले खूश झाले. "मग सोपं आहे. मामांचा सातू फोडून तपासा, हिरवा शिक्का मारा, विषय संपला."

"आणि राजाक्का?"

"त्रिशलाबाई, तो निकाल मागच्या वर्षीचा. राखेचं अहवालात लिहिलंत तर मागचे सगळे निकाल उघडावे लागतील. लोक विचारतील, अजून कुणाकुणाला चोर ठरवलंत? शिक्क्याखाली सही तुमची आहे, नकाशा तुमचा आहे. यंत्रावरचा विश्वास उडाला की आपलं केंद्र बंद. विचार करा."

तिनं विचार केला. खरंच केला, अगदी पाच मिनिटं. तलाठ्यात तिची तीन वर्षं होती. समोर मामा ताक पीत होते, त्यांना फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं. न बोलण्यात मामांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

पावणेतीनला ती केंद्रात होती. 'परका' ठरलेला प्रत्येक नमुना मोहोर लावून कपाटात ठेवायचा, हा कडोल्यांचाच नियम. राजाक्काची पुडी तिसऱ्या खणात सापडली. तिनं मामींचा अडकित्ता बरोबर आणला होता. अख्खा दाणा धरला, ठिपका समुद्रात. दाणा फोडला, पहिला निसटून टेबलाखाली गेला, दुसरा फुटला. टिक्.

ठिपका समुद्रातून निघाला आणि कोथळवाडीच्या संगमापाशी येऊन हिरवा झाला.

कडोले तिच्या मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझ्या गावी आई अजून डाळीला राख लावते," ते म्हणाले. "मला सुचायला हवं होतं." मग खुर्ची ओढून बसले. "लिहा अहवाल. सही मीही करतो. कपाटात अजून अकरा पुड्या आहेत."

चारला पाच मिनिटं कमी असताना अहवाल गेला. त्यात मामांच्या नावापुढं हिरवा शिक्का होता. पुढच्या हंगामापासून प्रत्येक दाणा फोडून तपासावा, आणि मागचे बारा लाल निकाल मागे घेऊन ते नमुने फोडून पुन्हा तपासावेत, असं खाली लिहिलं होतं. 'टाळण्याजोगी चूक नकाशा करणाऱ्याची आहे,' हे वाक्य कडोले खोडा म्हणत होते. त्रिशलानं खोडलं नाही.

बाहेर आली तर टेम्पोत मामा बसलेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "माफी मागाय जाताना वाट लांबती. दोघं असलो की जरा बरं."

कोथळवाडीत राजाक्का दुकानामागच्या अंगणात सातू निवडत बसली होती. विकायचा नव्हता, घरच्या पिठापुरता. यादीबाहेर असूनही तिनं यंदा पेरला होताच. त्रिशलाला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण 'ये' म्हणाली नाही.

त्रिशलानं सगळं सांगितलं. राख, नारळ, अडकित्ता, संगमापाशी आलेला ठिपका. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, इतकी ती हरखली होती. पडदा तिनं म्हातारीसमोर धरला. "बघा राजाक्का, हे तुमचं रान! फळ्यावरचं नाव आज पुसतील. यंत्रानंच आता सांगितलंय, सातू तुमच्याच रानातला हुता!"

राजाक्कानं पडद्याकडे बघितलं. मग मामांकडे. मग त्रिशलाकडे, चांगलं न्याहाळून.

"ते मी सांगितलं हुतं की गं तुला," ती म्हणाली. "वरीस झालं."

त्रिशलाचा हात खाली आला. पडदा आपोआप मालवला. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. मामा पलीकडे नारळाच्या ढिगाकडे बघत उभे होते.

राजाक्कानं सूप परत मांडीवर ओढलं आणि निवडलेल्या सातूची एक मूठ त्रिशलाच्या ओंजळीत ओतली.

"डबा पिशवीत घाल," ती म्हणाली. "आणि बस. आता परत सांगते. कुठल्या रानातला हाय, कवा पेरला, पाणी किती दिलं. सगळं सांगते. तू ऐक नुसतं."

त्रिशलानं तलाठी पिशवीत घातला, चेन लावली आणि जमिनीवर मांडी घालून बसली.